बायकांची खिडकी

लष्करात, दौलतगंजाच्या तोंडाशी,
विलास टॉकीजला बायकांची खिडकी वेगळी होती.
भिंतीला पाडलेलं भोक, एक मनगट मावेल एवढं.
एकतीस वर्षं मी त्याच्या आत बसले.
चेहरे मला आठवत नाहीत. हात आठवतात:
मेंदीचे, पिठाचे, फिनेलचा वास येणारे,
मुठीत धरून गरम झालेले चाराणे-आठाणे देणारे.

त्रेसष्ट साली, मेळ्याच्याच दिवसांत, तो सिनेमा पहिल्यांदा लागला.
मौत का कुआँ, आणि त्यात मोटारसायकल फिरवणारी बाई.
गाव तिच्यापायी वेडं, नवरा फाटकावर तिकिटं फाडतो.
मध्यंतरानंतर ती पडते. पडलीच पाहिजे.
पाय मोडतो, डोळे उघडतात,
शेवटी चुलीपुढे बसून म्हणते, सुख ते हेच.
खालून शिट्ट्या,
वर बाल्कनीत बायकांचं नाक ओढणं.
मॅनेजर म्हणाले, पागनीसबाई, घरंदाज चित्र आहे, चालणार.
चाललं. अकरा आठवडे.

दुसऱ्या आठवड्यात, मॅटिनीला, भोकातून एक डावा तळवा आला.
बोटांच्या मुळाशी ओळीनं घट्टे,
क्लचचे, हे मला फार उशिरा समजलं.
नखांत काळं तेल.
एक बाल्कनी. एकटीच.
खेळ सुटायच्या आधीच ती परत खिडकीशी आली
आणि वाकून आत विचारलं,
जणू गोष्ट मीच लिहिली होती,
"मी कधी पडले, बाई?"

मी म्हटलं, तक्रार मॅनेजरसाहेबांकडे.

मेळ्यात कुआँ लागलेलाच होता, स्टेशनापलीकडे.
जाऊन बघायचं मनात होतं.
रात्रीचा खेळ, आणि मला सासर होतं.

सत्त्याऐंशीत तो परत आला, रंगीत.
आता बाईला चामड्याचं जाकीट, भावाच्या खुनाचा सूड,
सहा गाणी, त्यातलं एक भिजलेलं.
ह्या खेपेला ती पडत नाही,
पण ब्रेक कापलेले निघतात,
मग हिरो वरून उडी टाकतो, हँडल धरतो,
आणि उरलेला सिनेमा त्याचा होतो.
पोस्टरवर ती मोठी, तो तिच्याहून वीतभर मोठा.
खिडकीतल्या मनगटांवर तोवर घड्याळं आली होती.
कॉलेजच्या मुली चार-चार तिकिटं एकदम मागायच्या.
मी प्रत्येक तळवा उलटा करून बघायचे,
त्यांना वाटायचं, म्हातारी नाणी तपासते.

परवा तिसरा बघितला. शेजारच्या भदौरियांच्या सुनेनं
स्कूटरवर मागे बसवून सिटी सेंटरला नेलं.
खिडकीच नाही तिथे. तिच्या फोनवर काळे-पांढरे ठिपके,
दारातल्या पोरानं त्यांवर लाल उजेड मारला, झालं.

ह्यात ती पडत नाही, कुणी वाचवायलाही येत नाही.
कुव्याच्या कडेला माणसांऐवजी फोन.
रात्री ती अंथरुणात अंगठ्यानं
आपलीच फेरी पुन्हा पुन्हा वर ढकलते,
किती जणांनी बघितली ते मोजते,
आणि नवरा तिच्यासाठी चहा करतो.
चहाला टाळ्या पडल्या.
अख्ख्या सिनेमात तेवढ्याच.
ती भिंतीवर आडवी धावत होती तेव्हा
लोक मक्याच्या लाह्या खात होते.

मी सुनेकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवत नव्हती,
मान खाली घालून घरी कळवत होती:
उशीर होईल, डाळ फ्रीजमध्ये आहे.

शेवटी काळ्या पडद्यावर अक्षरं, सत्य घटनेवरून,
आणि एक फोटो.
फळ्यांपुढे उभी बाई, काष्टा, उन्हानं पुसलेला चेहरा.
खाली नाव नाही.
मी हात शोधले.
हात पाठीमागे बांधलेले होते.

विचारायला हवं होतं नाव.
भोकातून सुटे पैसे मागायची पद्धत होती,
आणि तिनं तर मोजूनच दिले होते.

येताना मेळ्याच्या मैदानावरून आलो.
वैशाख, नुसती धूळ, एक कुत्रं.
सून म्हणाली, मौसी, नीट धरा, पडाल.
मैदानाकडे तोंड करून मी म्हटलं,
नाही. नाही पडलात तुम्ही.
काय म्हणालात?
काही नाही, म्हटलं. पुढे बघ.